पोटाला भोक असलेली चिमणी

आमच्याकडे एक लाकडाची चिमणी आहे. चिमणी म्हणायचं ते आपलं सवयीने. तशी ती कुठल्याच पक्ष्यासारखी दिसत नाही. माझ्या मुठीपेक्षा जराशी मोठी. पंख म्हणजे दोन्ही अंगांना सुरीने ओढलेल्या तीन-तीन रेघा. डोळा एकच. दुसऱ्या बाजूला कोरणाऱ्याने काढलाच नाही की झिजून गेला, कोण जाणे. आणि पोटाखाली अंगठा जाईल एवढं भोक.

लग्न होऊन मी या दोन खोल्यांत आले तेव्हा यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन सदरे, एक कंगवा आणि ही चिमणी, एवढाच ऐवज होता.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"आईची," हे म्हणाले.

"पण कशासाठी?"

त्यावर हे पाणी प्यायला उठले. यांचं असंच होतं. जिथे बोलणं संपायचं तिथे तांब्या असायचा.

सासूबाई यांच्या लहानपणीच गेलेल्या. त्यांची एवढी एकच वस्तू, ती ट्रंकेत कशाला, म्हणून मी चिमणी देवासमोर ठेवली, दिव्याच्या डावीकडे. रोज सकाळी दिवा लावला की करंगळीने एक थेंब तेल तिच्या डोक्यावर लावायचं. आणि लाकडाला कीड लागू नये म्हणून महिन्यातून एकदा तिला उलटी धरून पोटातल्या भोकात तेल सोडायचं. पहिल्या दिवशी हे तेलाच्या वाटीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले होते. मला वाटलं, आईची आठवण आली असेल. हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. एकेचाळीस वर्षं तो नेम चुकला नाही, अंगात ताप असतानाही नाही.

दुसरा नेम मौनाचा. सकाळी सहा ते आठ मी आतल्या खोलीत पडदा ओढून, माळ घेऊन बसते. त्या दोन तासांत तोंडातून शब्द काढत नाही. खाली ज्याचा कारखाना आहे तो सुतार मला हसतो. "काकू, बाकीचे बावीस तास तरी तुम्ही कुठे बोलता?" म्हणतो. तेही खरंच आहे. माझा आवाज लहानपणापासून बारीक. दुकानात मला दोनदा मागावं लागतं.

हे पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. व्हॉल्व्ह उघडायचे, व्हॉल्व्ह बंद करायचे. तिथे आवाज इतका की माणसं खुणांनी बोलायची. घरी आले की चपला काढता काढता एकच हाक:

"आहेस का?"

मी समोर बसून भाजी चिरत असले तरी.

"नाही, बाजारात गेलेय," मी म्हणायची.

"बरं," म्हणून हातपाय धुवायला जायचे. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि रोज जरासं हसू. रात्रपाळी करून सकाळी आले आणि मी मौनात असले तर उत्तर मिळायचं नाही. मग पडद्याची कड बोटभर बाजूला व्हायची, एक डोळा दिसायचा आणि कड पुन्हा जागेवर जायची.

मूलबाळ झालं नाही. आमचं घर म्हणजे ही एवढीच ये-जा.

गेल्या वर्षी यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली पलंग घातला. सात आठवडे ते त्यावर होते. चौथ्या दिवसापासून डावा हात उचलून आतल्या खोलीकडे बोट दाखवायला लागले. मी एकेक वस्तू आणून दाखवली. शाल? नाही. चष्मा? नाही. रेडिओ? डोळे मिटून घेतले. शेवटी चिमणी आणली तेव्हा चेहरा उजळला. ती छातीवर धरली आणि मनगट फिरवून दाखवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे.

जन्मभर व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस. मला वाटलं, पाणी मागतायत. चमच्याने पाणी पाजलं. प्यायले बिचारे. पुन्हा मनगट. मग माझ्या मनात आलं, आजारपणाच्या गडबडीत चिमणीचं तेल राहिलं असेल असं वाटून आठवण करून देतायत. वाटी आणून तिच्या डोक्यावर थेंब ठेवला, तर यांनी डाव्या हाताने वाटी उडवली. सगळं तेल गादीवर. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

हे असं रोज. ते मनगट फिरवायचे आणि मला कळायचं नाही. मी चिमणी उशाशी ठेवायची, ते ती ढकलून द्यायचे. देवाजवळ ठेवायची, ते पुन्हा बोट दाखवायचे. एके दिवशी आठ वाजता माळ ठेवून मी पडदा सरकवला तेव्हा ते गेलेले होते. तोंड भिंतीकडे नव्हतं, दाराकडे होतं.

भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, भाग्याचं मरण. तू जपाला बसलेली असताना गेले. मी मान हलवली. पण रोज माळ हातात घेतली की बोटांखाली मणी यायच्या आधी ते मनगट यायचं. सात आठवडे एक माणूस माझ्याकडे काहीतरी मागत होता आणि मी ते दिलं नाही. ती चिमणी मुळात कशासाठी होती हे कळलं असतं, तर त्यांना काय हवं होतं ते कळलं असतं. आता कळून त्यांना उपयोग नव्हता. मला होता. न कळलेल्या गोष्टीची क्षमा कशी मागायची?

वर्ष झाल्यावर मी चिमणी पदराखाली घेऊन खाली सुताराकडे गेले.

त्याने रंधा बाजूला ठेवला, चिमणी उजेडात धरली आणि आधी हसून घेतलं.

"काकू, शेपटी सुतारपक्ष्याची, पोट बदकाचं, चोच बघा, चोच पोपटालासुद्धा शोभत नाही. करणाऱ्याने पक्षी कधी पाहिलेला नाही बरं का. नुसता ऐकलाय."

"पण कशाची असेल?"

"डब्याच्या झाकणाची मूठ?" त्याने स्वतःच मान हलवली. "नाही, मुठीला एवढं मोठं भोक कशाला. पलंगाच्या खांबावरचं टोपण असेल. किंवा पाळण्याच्या." मग त्याने करंगळी भोकात घातली, बाहेर काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "याला तेल कोणी पाजलं एवढं?"

मी करंगळी पदराखाली घेतली.

"आत नुसता डिंक झालाय. मूळ लाकूड हाताला लागतच नाही. असं करा, संग्रहालयात न्या. मी तिथली कपाटं दुरुस्त करतो. जुनं लाकूड बघणाऱ्या एक बाई आहेत तिथे. तुमच्या-माझ्यापेक्षा शहाण्या."

"माझ्यापेक्षा शहाणं माणूस तुला रस्त्यात कोणीही भेटेल."

"तसं नाही, माझ्यापेक्षा म्हणतोय मी," तो म्हणाला. "ते अवघड असतं."

संग्रहालयातल्या बाई पस्तिशीच्या असतील. मला बघताच उठल्या, खुर्ची ओढली, "बसा ना आजी," म्हणाल्या. मला आजी म्हणणारं कोणी नाही, त्यामुळे क्षणभर मी मागे वळून बघितलं.

त्यांनी हातमोजे घातले. टेबलावर कापड अंथरलं, चिमणी त्यावर ठेवली, वाकवता येणारा दिवा जवळ ओढला आणि भिंगातून बघत स्वतःशीच बोलायला लागल्या. डॉक्टर पोट तपासताना बोलतात तसं.

"काजळी आहे. पण एकाच अंगाला, उजव्या. म्हणजे ही वर्षानुवर्षं दिव्याच्या डावीकडे उभी होती. डोक्यावर झीज, बोटाची. रोज एकाच ठिकाणी बोट लागलंय. आणि तेलाचे थर तर..." त्यांनी मान वर केली, डोळे चमकत होते. "आजी, हे खेळणं नाही. टोपण नाही, मूठ नाही. ही पूजेतली वस्तू आहे. घरातल्या देवासमोरचा पक्षी. एवढा थर बसायला किती पिढ्यांचे हात लागले असतील!"

"पूजेतली," मी म्हटलं.

"शंका नको. असं इतकं स्पष्ट क्वचित दिसतं. तुम्ही द्यायला तयार असाल तर आम्ही ही काचेत ठेवू." आणि त्यांनी एक पांढरं कार्ड पुढे ओढून त्यावर सुबक अक्षरात लिहायला सुरुवातही केली.

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला ते ऐकत राहावंसं वाटलं. चिमणी पूजेतलीच असेल, तर यांनी तेलच मागितलं होतं. वाटी उडाली ती हात झटकला गेला म्हणून. त्या आजारात हात ताब्यात नसतो. मनगट फिरवत होते ते ओवाळल्यासारखं. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि त्यात तर माझा हात कोणी धरला नसता. खोटं बोलायचं नाही हा माझा पहिला नेम, माळेच्याही आधीचा. गप्प राहून खोटं तसंच राहू द्यायचं, हे त्यात मोडतं की नाही, याचा विचार मला पूर्वी कधी करावा लागला नव्हता.

कार्डावरची पहिली ओळ पूर्ण होत आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, ते तेल माझं आहे."

"काय?"

आवाज बारीक, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. "ते तेल मी घातलंय. काजळी माझ्या दिव्याची. आणि ती डोक्यावरची झीज," मी करंगळी पुढे केली, "ही."

"किती वर्षं?"

"एकेचाळीस."

"रोज?"

"रोज."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आधी ओठ दाबून धरले, मग हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होत्या. "म्हणजे मी इतका वेळ तुमचं बोट वाचत होते! आणि पिढ्या म्हणे, पिढ्या!" त्यांनी कार्ड फाडलं. "आजी, तुम्ही बोलला नसता तर ही चूक काचेत बसली असती आणि मी लोकांना ती समजावून सांगितली असती."

"मग ही कशाची?"

"आता मला काहीच माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि हसू गेलं. "तुमचा थर काढून खाली बघू का? चालेल तुम्हाला?"

मी मान डोलावली. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, कसल्याशा पाण्यात बुडवला आणि पोटातलं भोक पुसायला घेतलं. कापूस काळा होऊन निघाला. दुसरा. तिसरा. वीस तरी बोळे टेबलावर ओळीने पडले. माझी एकेचाळीस वर्षं अशी ओळीने बघताना मला उगीच लाज वाटली.

"हे बघा," बाई म्हणाल्या. भिंग माझ्या हातात दिलं. "आत गोल रेघा आहेत, दिसल्या? ही खुंटीवर बसायची आणि खुंटीवर फिरायची. आणि भोकाच्या कडेला हे दोन खड्डे. खुंटीला काहीतरी टेंगूळ असणार, ते इथे आलं की अडायचं आणि इथे आलं की अडायचं. म्हणजे इथून इथपर्यंत. अर्धा फेरा. त्याच्यापुढे नाही."

आणि त्यांनी चिमणी हवेत धरून मनगट फिरवून दाखवलं. एकदा इकडे. एकदा तिकडे.

माझ्या हातातलं भिंग कापडावर पडलं. तेच मनगट. तेवढंच, ना कमी ना जास्त.

"बरं वाटत नाही का, आजी?"

"तुम्ही सांगा. पुढे सांगा."

"पुढे लाकूड सांगत नाही. दोन बाजूंना तोंड करणारी वस्तू दोन गोष्टी सांगत असणार. हे किंवा ते. उघडं किंवा बंद, झालं किंवा व्हायचंय. कुठल्या दोन, ते तिला फिरवणाऱ्या घरालाच ठाऊक. त्या घरचं कोणी जुनं माणूस आहे का?"

"नणंद आहे."

"मग विचारा की त्यांना!"

"आमचं बोलणं नाही."

"का हो?"

"मी बोलत नाही म्हणून," मी म्हटलं. बाईंना ते कळलं नसावं, पण त्यांनी चिमणी स्वच्छ फडक्यात बांधून दिली.

वन्संचं आणि माझं भांडण असं नव्हतं. यांना झटका आला तेव्हा वन्संच्या पायाला प्लास्टर होतं. दुसऱ्या गावाहून यायला जमेना, म्हणून त्या रोज सकाळी सातला, शिवणकामाचं दुकान उघडण्याआधी, फोन करायच्या. सातला मी मौनात. फोन वाजून वाजून थांबायचा. आठला मी उलट फोन लावायची, तेव्हा त्या मशीनवर, फोन कापडाच्या ढिगाखाली. यांच्या मरणानंतर त्या काठी टेकत आल्या, दोन दिवस राहिल्या, आणि जाताना दारात म्हणाल्या, "माझा दादा बोलू शकत नव्हता. तू बोलत नव्हतीस. कसा आहे, हे मी विचारायचं कोणाला, भिंतीला?" त्यानंतर वर्षभर काही नाही. चिमणीचं त्यांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. आई गेली तेव्हा वन्सं पाच वर्षांच्या. पाच वर्षांच्या मुलीला काय आठवणार?

दुसऱ्या दिवशी आठला मौन सोडून मी बस धरली. अडीच तासांचा रस्ता. फडकं मांडीवर.

वन्संची खोली दुकानाच्या मागेच. त्या मशीनवर बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मला बघून त्यांनी पाय थांबवला नाही, शिवण टोकापर्यंत नेली आणि मग दोरा तोडला.

"ये. चपला पायातच राहू दे, सुया पडलेल्या असतात." मग जरा थांबून, "सुटलं वाटतं आजचं मौन."

"सुटलं, वन्सं."

"बरं झालं. नाहीतर दोघी नुसत्या बसलो असतो एकमेकींकडे बघत."

मी फडकं सोडून चिमणी मशीनच्या फळीवर ठेवली. वन्संनी चष्मा वर सरकवला. बराच वेळ हात लावला नाही. मग उचलली, आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर नाकाशी नेली.

"तेल?"

"हो."

"आतपण?"

"आतपण."

"अगं वहिनी!" त्या जवळजवळ ओरडल्या. "हिला तेल नाही घालायचं! हिची वाचा गेली की गं!"

मला काही समजेना. त्यांनी चिमणी दोन्ही हातांत धरली आणि सांगायला लागल्या, माझ्याकडे न बघता, तिच्याकडे बघत.

"आईनेच कोरलेली. तुटलेल्या खाटेच्या पायातून, भाजीच्या सुरीने. आई दवाखान्याच्या धुणेघरात होती, पहाटे उजाडायच्या आत जायची. आम्ही दोघं झोपलेले. मी उठून रडायची, आई कुठे, आई कुठे. कधी ती खरंच गेलेली असायची, कधी मागच्या अंगणात पाणी भरत असायची, पण मला काय कळणार? मग तिने दाराच्या चौकटीला खुंटी ठोकली आणि ही बसवली. चोच आत म्हणजे आई घरात आहे, दिसत नसली तरी आहे. चोच बाहेर म्हणजे कामाला गेलीय, येणार आहे. फिरवली की कर्रऽऽ असा आवाज यायचा, कोरड्या लाकडाचा. शेजारचे एकजण म्हणाले, तेल घालतो, पहाटे झोपमोड होते आमची. आई त्यांच्या अंगावर गेली. म्हणाली, आवाजासाठीच तर आहे ती."

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वन्सं थांबल्या, पुन्हा बोलायला लागल्या.

"एकदा आई कामावरच आजारी पडली. तिथल्या तिथेच ठेवून घेतली. तीन दिवस चोच बाहेरच होती. चौथ्या दिवशी माणूस सांगायला आला. तो गेल्यावर दादाने स्टुलावर चढून ही खुंटीवरून काढली, आणि पुन्हा कधी कुठे लावली नाही. नऊ वर्षांचा होता. मी विचारलं, आता आई आहे की नाही कसं कळणार? त्यावर तो पाणी प्यायला गेला."

मशीनच्या चाकावर एक पांढरा दोरा अडकला होता, तो मी बघत राहिले.

"त्याने मागितली होती का ही? शेवटी?" वन्संनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. मनगट, पाणी, तेल, उडवलेली वाटी. पलंग कुठे होता ते सांगितलं. तिथून आतली खोली दिसत नाही, पडदा असतो.

"आणि तू आत बसायचीस."

"सहा ते आठ."

"आवाज न करता."

"हो."

"आणि औषधाला जायचीस ती?"

"सव्वाआठला कधी, कधी नऊला. ते झोपलेले असायचे. झोपमोड नको म्हणून कडी हळूच लावायची मी."

वन्संनी मान हलवली. "झोपलेला नसायचा तो. लहानपणीही नुसता डोळे मिटून पडायचा. मी घोरत असायची. हा आवाजाची वाट बघत असायचा."

म्हणजे सात आठवडे. सात आठवडे त्या पलंगावर माझा माणूस डोळे मिटून पडला होता आणि त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं. आहेस का? तोंडाने विचारता येत नव्हतं, उठून पडद्याची कड बाजूला करता येत नव्हती. आणि मी चार पावलांवर होते. होते की! देवाचं नाव घेत, श्वाससुद्धा जपून सोडत, इतकी शांत बसले होते की माझ्यात आणि रिकाम्या घरात काही फरक उरला नव्हता.

वन्संनी माझी समजूत घातली नाही. मला ते बरं वाटलं. त्यांनी चहा केला, माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि सुई-दोरा माझ्या हातात दिला. "ओवून दे. मला दिसत नाही हल्ली. दुकानात येणाऱ्या बायकांकडून ओवून घेते, लाज सोडलीय." मी ओवून दिला. त्यांनी दुसरी सुई दिली. चहा निवेपर्यंत मी आठ सुया ओवल्या आणि त्यांनी त्या आठवडाभरासाठी उशीत टोचून ठेवल्या.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "मौन तोंडाचं असतं ना तुझं?"

"हो."

"हाताचं नाही?"

"हाताने तर माळ ओढायची असते."

"मग ऐक. सकाळी सातला मी एकदा वाजवीन आणि ठेवीन. उचलू नकोस, उगाच तुझा देव माझ्यावर चिडायचा. तूही एकदा वाजव आणि ठेव. मिस्ड कॉल. बोलायचं काही नाही त्यात." आणि काठी आपटत आत वळता वळता, "नाही वाजला तर समजेन, बाजारात गेलीयस."

ते बाजाराचं त्यांना यांनी सांगितलं होतं की त्या उगीच बोलल्या, मी विचारलं नाही. बसमध्ये पोहोचेपर्यंत मी तोंडाला पदर लावून होते.

सुताराने चिमणी चार दिवस भुशात पुरून ठेवली. भुसा तेल पितो म्हणाला. पाचव्या दिवशी खुंटी घेऊन वर आला, टेंगूळ असलेली, कोरडी ठणठणीत.

"कुठे ठोकू?"

मी आतल्या खोलीच्या चौकटीवर जागा दाखवली. तो मागे वळला, पलंगाकडे बघितलं. चादर मी अजून घालते, ताणून.

"पलंगावरून दिसेल अशी हवी," मी म्हटलं.

त्याच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, ते त्याने गिळलं आणि जाऊन पलंगाच्या कडेवर बसला, डोकं उशीच्या उंचीला आणून एक डोळा मिटला. "दोन बोटं डावीकडे," म्हणाला, आणि उठून ठोकली. चिमणी बसवली, फिरवली. ती इकडून तिकडे गेली, जागेवर अडली. आवाज काही नाही.

"एकेचाळीस वर्षं प्यायलंय लाकूड, काकू. चार दिवसांत थोडंच ओकणार? वाळेल हळूहळू. पण मी काही वायदा करत नाही."

"आता तेल नाही घालायची मी."

"तुम्ही नाही घातलंत तर दुसरं घालणार कोण?" तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर हत्यारं गोळा करत राहिला.

दुसऱ्या दिवशी दिवा लावला. करंगळी सवयीने वाटीत बुडाली, ती पदराला पुसली. सहाला पाच मिनिटं होती. मी चौकटीशी गेले आणि चिमणी फिरवली. चोच आत. कान देऊन उभी राहिले. काही नाही.

"आहे हो," मी पलंगाकडे बघून म्हटलं. एरवीपेक्षा जरा मोठ्याने. "आतच बसलेय."

मग सहा वाजले. पडदा ओढायला हात गेला, पण पडदा तसाच उघडा ठेवला, आणि माळ घेऊन बसले. बसल्या जागेवरून पलंगाचा पाय आणि चादरीचं टोक दिसत होतं. पूर्वी ते कधी दिसलं नव्हतं.

सातला फोन वाजला. एकदा. थांबला. मी माळ मांडीवर ठेवली, फोन घेतला, वन्संचा नंबर लावला, तिकडे एक घंटी गेल्याचं ऐकलं आणि ठेवला.

किती मणी झाले होते ते विसरले. पहिल्यापासून धरले.